माणूस कट्टरतेकडे आणि हिंसेकडे कसा ओढला जातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं किंवा मित्रांमधलं कुणीतरी गेल्या काही महिन्यांत एकदम बदललंय, बोलताना सारखं "ते लोक, ते लोक" करतंय आणि नक्की काय चाललंय ते कळत नाहीये, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांना डोळ्यासमोर ठेवून हे पान लिहिलंय. बाकीच्यांनाही उपयोग होईल. उदाहरणं मुद्दाम वेगवेगळ्या देशांतली आणि वेगवेगळ्या विचारांची घेतलीत, कारण एकाच बाजूची घेतली की वाचणारा "हे तर त्यांच्याबद्दल आहे, आपला काय संबंध" म्हणून पुढे सरकतो. जिथे गरज नाही तिथे हल्लेखोरांची नावं टाळलीत, त्याचं कारण शेवटच्या प्रश्नात आहे.

एखाद्याचं मत टोकाचं असलं म्हणजे तो अतिरेकी का?

नाही. गुलामगिरी बंद करा, बायकांना मताचा हक्क द्या, ही एकेकाळी टोकाचीच मतं होती आणि ती मांडणाऱ्यांना लोक माथेफिरू म्हणत होते. मत किती लोकांना पटतं यावरून काही ठरत नाही. जे. एम. बर्गर नावाचे अभ्यासक एक कसोटी सांगतात, ती मला सगळ्यात कामाची वाटते: आपल्या गटाला टिकायचं असेल, जिंकायचं असेल तर दुसऱ्या गटाच्या विरोधात काहीतरी शत्रुत्वाचं करावंच लागेल, त्याशिवाय पर्यायच नाही, असं जो मानतो तो अतिरेकी विचारात शिरला. इथे गट कुठलाही असू शकतो, धर्म, वंश, भाषा, राष्ट्र, वर्ग, काहीही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेन्को हे दोन मानसशास्त्रज्ञ मतं आणि कृती यांचे दोन वेगळे पिरॅमिड मानतात. म्हणजे मतांच्या पिरॅमिडच्या टोकावर बसलेली बहुतेक माणसं आयुष्यात कुणावर हात उचलत नाहीत, आणि उलट प्रत्यक्ष हिंसा करणाऱ्या काहींना त्या विचारातलं धड काही माहीतही नसतं, ते भावासाठी, मित्रासाठी किंवा बदल्यासाठी आलेले असतात. त्यामुळे "असं बोलतो म्हणजे उद्या बॉम्बच टाकणार" हा निष्कर्ष घाईचा आहे, पण "नुसतं बोलतोय, काही करणार नाही" हाही तितकाच घाईचा आहे.

ही माणसं मानसिक रुग्ण असतात का?

संघटनेत असलेल्यांच्या बाबतीत उत्तर बरंच स्पष्ट आहे: बहुतेक जण नसतात. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ सालीच लिहून ठेवलं होतं की दहशतवाद्यांमध्ये ठळकपणे काही दिसत असेल तर तो त्यांचा साधारणपणा. उदाहरण बघा. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो या पंथाने सरीन हा विषारी वायू सोडला. तो तयार करणारे रसायनशास्त्र शिकलेले होते, आणि गाडीत पिशवी फोडणाऱ्यांमध्ये एक जण हृदयावर शस्त्रक्रिया करणारा अनुभवी डॉक्टर होता. पश्चिम जर्मनीतल्या रेड आर्मी फॅक्शन या अतिडाव्या सशस्त्र गटाची उलरिके माइनहोफ नावाजलेली पत्रकार होती, दोन मुलींची आई होती.

एकट्याने हल्ला करणाऱ्यांचं चित्र थोडं वेगळं आहे. पॉल गिल, जॉन हॉर्गन आणि पेज डेकर्ट यांनी अमेरिका आणि युरोपातल्या अशा ११९ जणांचा अभ्यास केला, त्यात साधारण एक तृतीयांश लोकांना आधीपासून मानसिक आजाराचा इतिहास होता. म्हणजे तिथेही दोन तृतीयांशांना नव्हता. मानसिक आजार असलेली कोट्यवधी माणसं जगात आहेत आणि ती कुणाला मारायला निघत नाहीत, त्यामुळे "वेडा होता" म्हणून फाइल बंद करणं हा त्या आजारी माणसांवर अन्याय आहे आणि त्यातून आपल्याला काही कळतही नाही.

गरिबी आणि बेकारीमुळे होतं का? शिक्षण दिलं की थांबेल ना?

थेट नाही. अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञाने यित्का मालेच्कोव्हा यांच्याबरोबर २००३ साली हा प्रश्न आकडेवारीने तपासला तेव्हा गरिबी किंवा कमी शिक्षण आणि दहशतवाद यांच्यात सरळ नातं सापडलं नाही. डिएगो गाम्बेटा आणि स्टेफेन हेर्टोग यांना तर इस्लामी अतिरेक्यांमध्ये इंजिनिअर प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आढळले.

पण म्हणून परिस्थितीचा काही संबंधच नाही असंही नाही. खरी ठसठस असते ती अपमानाची. आपल्याला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, आपल्याला कुणी मोजत नाही, आपल्या माणसांना रोज खाली बघावं लागतं, ही भावना. आरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की माणसाला आपल्या जगण्याला काही किंमत आहे असं वाटायला हवं असतं, आणि ती किंमत गेली किंवा जाणार असं वाटलं की तो ती परत मिळवायचा रस्ता शोधतो. चांगल्या घरातला, शिकलेला, पण आतून "मी कुणीच नाही" असं वाटणारा मुलगा म्हणूनच या जाळ्यात सापडतो. पगाराच्या आकड्यावरून हे दिसत नाही.

मग सुरुवात नेमकी कुठून होते?

बहुतेक वेळा माणसापासून. विचार नंतर येतो. या पानावर तुम्ही एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

इटलीतल्या रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या संघटनेत आणि तशा भूमिगत गटांमध्ये गेलेल्यांच्या आयुष्याचा अभ्यास दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी केला, तर बहुसंख्य लोकांचे मित्र किंवा नातेवाईक आधीच आत होते. अल कायदाच्या जाळ्याचा अभ्यास करणारे मार्क सेजमन हेच म्हणतात, की एकत्र राहणारी, परदेशात एकटी पडलेली पोरं आधी मित्र झाली आणि मग सगळी मिळून आत गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडनमधल्या तीन शाळकरी मुली, वय १५-१६, इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेत सामील व्हायला सीरियाला निघून गेल्या, त्यांच्याच शाळेतली मैत्रीण दोन-तीन महिने आधी गेली होती.

आता गंमत नाही पण विचार करण्यासारखी गोष्ट बघा. इस्लामिक स्टेटमध्ये भरती होताना भरलेले हजारो फॉर्म २०१६ साली बाहेर फुटले, अगदी नाव, रक्तगट, आधी काय काम करत होता असले रकाने असलेले फॉर्म. त्यात शरियतचं ज्ञान किती असा एक रकाना होता. असोसिएटेड प्रेसने तीन हजारांवर फॉर्म तपासले तर सुमारे ७० टक्के लोकांच्या फॉर्मवर तिथे अगदी प्राथमिक असं लिहिलेलं. म्हणजे धर्मासाठी जीव द्यायला निघालेल्या बहुतेकांना त्या धर्माचं ज्ञान जेमतेम होतं, आणि हे त्यांच्याच भरतीच्या फॉर्मवर नोंदलेलं.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते थोडं जवळून बघू. एक तरुण आहे, त्याचं काहीतरी मोडलंय, नोकरी गेली असेल, नातं तुटलं असेल, नवीन शहरात कुणी ओळखीचं नसेल. त्याला एक ग्रुप भेटतो, प्रत्यक्ष किंवा फोनवर. पहिले काही आठवडे राजकारणाचं कुणी फारसं बोलतच नाही. कुणीतरी रोज विचारतं जेवलास का, झोपलास का, व्यायामाला येतोस का. त्याच्या विनोदावर सगळे हसतात, त्याचा वाढदिवस लक्षात ठेवतात. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा कुणालातरी त्याची वाट बघावीशी वाटतेय. मग हळूच कुणीतरी त्याच्या दुःखाला कारण पुरवतं: तुझं काही चुकलं नाही रे, तुझी नोकरी त्यांनी खाल्ली. हे वाक्य ऐकल्यावर जो हलकेपणा वाटतो तो खरा असतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. मनातली लाज जाते आणि तिच्या जागी राग येतो, आणि लाजेपेक्षा राग सहन करायला फार सोपा असतो.

ब्रेनवॉश करतात म्हणतात ते खरं का?

एका बैठकीत कुणी डोकं बदलून टाकतं असं काही होत नाही. छोट्या छोट्या पायऱ्या असतात. आधी एक व्हिडिओ लाइक कर, मग फॉरवर्ड कर, मग एका सभेला ये, मग पोस्टर लाव, मग अमुक माणसाला चार शिव्या घाल, मग त्याच्या घराचा फोटो काढून आण. प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा किंचितच वर असते त्यामुळे "हे मी करणार नाही" असं म्हणायची नेमकी जागा सापडतच नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून येल विद्यापीठात केलेले प्रयोग अनेकांना माहीत असतील. समोरच्याला विजेचे खोटे झटके द्यायचे होते, देणाऱ्याला ते खरेच वाटत होते, सुरुवात १५ व्होल्टपासून आणि दर वेळी फक्त १५ ने वाढ, आणि पहिल्या गाजलेल्या फेरीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. पहिलाच झटका ४५० चा द्या म्हटलं असतं तर किती जणांनी दिला असता याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरं असतं तोडणं. जुने मित्र "झोपलेले", आईवडील "घाबरट", बातम्या "विकलेल्या". एकेक करून बाहेरचा आवाज बंद होतो. मग शंका आली तरी विचारायचं कुणाला, आतल्याच माणसांना, आणि तिथे शंका विचारणं हाच गुन्हा. याचं सगळ्यात भयानक टोक जपानमध्ये दिसलं. १९७१-७२ च्या हिवाळ्यात युनायटेड रेड आर्मी या अतिडाव्या गटाची, बहुतेक विशीतली काही पोरंपोरी डोंगरातल्या तळावर लपून राहिली होती आणि तिथे त्यांनी "आत्मटीका" नावाखाली आपल्याच १२ साथीदारांचा जीव घेतला, मारहाण करून, थंडीत बांधून ठेवून. क्रांतीसाठी पुरेसे शुद्ध नाहीत हा आरोप. एका तरुणीवरचा आक्षेप तर अंगठी आणि मेकअपवरून सुरू झाला होता. शत्रूला मारायला जमलेल्या लोकांनी शत्रूचं तोंड बघायच्या आधी एकमेकांना संपवलं.

साधी माणसं मारायला कशी काय तयार होतात?

बहुतेकांच्या डोक्यात ते स्वतः हल्ला करतच नसतात, ते "बचाव" करत असतात. ते आपल्याला संपवणार आहेत, वेळ थोडा उरलाय, आत्ता नाही तर कधीच नाही. हे एकदा पटलं की चांगुलपणाच त्या बाजूला कामाला लागतो, आपल्या माणसांवरचं प्रेम, त्याग, शौर्य, सगळं.

आणि मग भाषा. १९९४ मध्ये रवांडात आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन तुत्सी लोकांना रोज झुरळं म्हणत होतं, मधेमधे गाणी, गप्पा, आणि परत झुरळं. साधारण १०० दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली, बरीचशी कोयत्यांनी आणि बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्यांकडूनच. २००३ साली रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या रेडिओच्या दोन संस्थापकांना दोषी ठरवलं. इस्रायलमध्ये पंतप्रधान यित्झाक राबिन यांना पॅलेस्टिनींशी करार केला म्हणून कित्येक महिने गद्दार म्हटलं जात होतं, मोर्चात त्यांना नाझी गणवेशात दाखवणारी चित्रं फिरली, आणि ४ नोव्हेंबर १९९५ ला कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका ज्यू तरुणाने शांतता सभेतून बाहेर पडताना त्यांना गोळ्या घातल्या. गोळी एकाने झाडली हे खरं, पण ती झाडणं म्हणजे कर्तव्य आहे असं वाटायला लावणारी हवा खूप जणांनी मिळून तयार केली होती. नेत्यांच्या, वक्त्यांच्या, ग्रुप अ‍ॅडमिनच्या तोंडी किडे, घाण, कॅन्सर असे शब्द माणसांसाठी यायला लागले की मला तिथेच धोक्याची घंटा ऐकू येते, मग बोलणारा आपल्या बाजूचा असला तरी.

हे सगळं समजून घेणं म्हणजे त्यांची बाजू घेणं नाही का?

नाही. तशाच परिस्थितीतून गेलेले, तसाच अपमान सोसलेले हजारो लोक कुणाला मारत नाहीत, त्यामुळे मारणाऱ्याची जबाबदारी त्याचीच आणि शिक्षाही व्हायलाच हवी. कारणं शोधायची ती पुढचा मुलगा त्या रस्त्याला लागू नये म्हणून.

सगळा दोष इंटरनेटचाच ना?

रवांडात रेडिओ होता, इटलीत आणि जर्मनीत ७० च्या दशकात पत्रकं आणि बैठका होत्या. तेव्हा इंटरनेटने हे जन्माला घातलं असं म्हणता येत नाही, पण वेग आणि पोच वाढवली हे नक्की, आणि एकट्या खोलीत बसलेल्या माणसाला आपल्यासारखे हजारो आहेत हे दाखवलं.

१५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ लोकांचा बळी घेणारा माणूस स्थानिक संघटनेत वगैरे नव्हता. तिथल्या चौकशी आयोगाच्या अहवालात आलं की त्याच्यावर यूट्यूबचा बराच प्रभाव होता, म्हणजे तुम्ही-आम्ही रोज उघडतो तीच साइट, कुठलं गुप्त डार्क वेब वगैरे नाही. पुढचा व्हिडिओ सुचवणारा अल्गोरिदम साध्या माणसाला ओढून कट्टर बनवतो का यावर मात्र संशोधकांचं एकमत नाही. बऱ्याच अभ्यासांत असं दिसतं की असले व्हिडिओ सगळ्यात जास्त बघणारे आधीच मनात राग असलेले आणि स्वतःहून शोधत आलेले असतात. माझ्या मते पालकांनी स्क्रीन टाइम मोजण्यापेक्षा पोरगा कुणाशी बोलतोय, आणि जे बोलतोय ते घरात कुणाशी बोलू शकतो का, हे बघावं. जाहीर व्हिडिओपेक्षा पुढच्या टप्प्यातली खासगी चॅट जास्त धोक्याची असते, तिथे समोर खरा माणूस असतो आणि तो वेळ देतो.

षड्यंत्राच्या थिअरीज वाचणाऱ्यांपासून धोका असतो का?

बहुतेकांपासून नाही. पण काही थिअरीज माणसाला गप्प बसू देत नाहीत. २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका पिझ्झा रेस्टॉरंटच्या तळघरात मुलांना डांबून ठेवलंय अशी अफवा ऑनलाइन पसरली. डिसेंबरमध्ये एक माणूस रायफल घेऊन कित्येक तास गाडी चालवत तिथे पोचला, गोळ्या झाडल्या, आत शोधाशोध केली. मुलं नव्हती. तळघरसुद्धा नव्हतं. सुदैवाने कुणाला लागलं नाही. त्याने ती गोष्ट खरी मानली होती एवढंच, आणि मुलांचे हाल होतायत असं खरंच मानणारा माणूस घरी कसा बसेल? बाकीचे लाखो फॉरवर्ड करून झोपले, तो निघाला.

कडक कारवाई केली की संपेल ना?

ज्याने गुन्हा केला किंवा करायच्या तयारीत आहे त्याच्यावर कारवाई हवीच. घोटाळा होतो तो सगळ्या समाजालाच संशयित धरलं की. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ पासून खटला न चालवता लोकांना डांबायला सुरुवात झाली, आणि ३० जानेवारी १९७२ ला डेरीमध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार करून १३ नि:शस्त्र लोक मारले, एक नंतर गेला. पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळपास निर्दोष सोडलं. त्यानंतर ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेला माणसं शोधावी लागली नाहीत, पोरं स्वतःहून दारात आली, आणि १९७२ हे त्या सगळ्या संघर्षातलं सगळ्यात रक्तरंजित वर्ष ठरलं. सत्य अधिकृतपणे मान्य व्हायला २०१० उजाडलं, तेव्हा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. दहशतवादी गटांना सरकारकडून अशी चूक हवीच असते, बरेच हल्ले तर ती चूक घडवून आणण्यासाठीच केलेले असतात.

पण हिंसेशिवाय कुणी ऐकतच नाही, हे तर खरं आहे ना?

हा प्रश्न मनापासून विचारणारे खूप जण असतात, त्यांना झटकून टाकू नये. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोठ्या लढ्यांचा हिशोब मांडला, सत्ता उलथवायचे, परकी ताबा हटवायचे वगैरे. अहिंसक लढे ५३ टक्के वेळा यशस्वी झाले, सशस्त्र २६ टक्के. कारण सरळ आहे, मोर्चात, संपात, बहिष्कारात म्हातारे, बायका, नोकरदार सगळे येऊ शकतात, बंदूक घेऊन जंगलात थोडेच जातात. राग खरा असलेल्या माणसाला हे सांगायला हवं, की तुझा राग सोड असं कुणी म्हणत नाहीये, जिंकायचंय ना, मग जास्त जिंकून देणारा रस्ता हा आहे.

आपल्या माणसात काय दिसलं तर सावध व्हावं?

एखादी गोष्ट सुटी धरून काही ठरवू नका. दाढी वाढवली, कपडे बदलले, देवधर्म वाढला किंवा सोडला, राजकारणावर जोरात बोलायला लागला, यातून काहीच सिद्ध होत नाही आणि यावरून संशय घेतलात तर तुम्ही त्याला स्वतःच्या हाताने त्या ग्रुपकडे ढकलाल. बदल एकत्र आणि थोड्या काळात दिसले तर लक्ष द्या: जुनी माणसं तोडणं, पूर्वी आवडायचं ते सगळं सोडणं, पाठ केल्यासारखी तीच तीच वाक्यं बोलणं, एखाद्या समाजाच्या मरणाच्या बातमीवर खूश होणं, हल्लेखोरांना हिरो म्हणणं.

याहून गंभीर म्हणजे हत्यारांची चौकशी, एखाद्या ठिकाणाची किंवा माणसाची माहिती गोळा करणं, अचानक वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं, "लवकरच कळेल सगळ्यांना" असं काहीतरी. वर सांगितलेल्या ११९ जणांच्या अभ्यासात ६४ टक्के वेळा घरच्यांना किंवा मित्रांना त्याचा इरादा आधी माहीत होता, कारण तो स्वतःच बोलून गेला होता. म्हणजे ज्याला आपण एकटा म्हणतो त्याच्या आजूबाजूला बऱ्याचदा ऐकणारं कुणीतरी होतं.

त्याच्याशी वाद घालू का? पुरावे दाखवू का?

पुरावे लगेच काढू नका, आणि चारचौघांत तर नाहीच. चारचौघांत हरलेला माणूस मत बदलत नाही, अजून घट्ट धरतो.

डेरेक ब्लॅक यांची गोष्ट सांगतो. वडील स्टॉर्मफ्रंट या गोऱ्या वंशवाद्यांच्या मोठ्या वेबसाइटचे संस्थापक, डेरेक लहानपणापासून त्या चळवळीचे वारस म्हणून वाढलेले, रेडिओ कार्यक्रमसुद्धा चालवायचे. फ्लोरिडातल्या छोट्या कॉलेजात शिकताना २०११ मध्ये ही ओळख उघड झाली आणि बहुतेकांनी तोंड फिरवलं. एका ज्यू सहविद्यार्थ्याने मात्र दर शुक्रवारी होणाऱ्या सब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्यातल्या पवित्र दिवसाच्या, जेवणाला बोलावलं. तिथे सुरुवातीला कुणी वंशवादावर एक शब्द काढला नाही, नुसत्या गप्पा, आठवड्यामागून आठवडे. ज्यांना शत्रू म्हणून वाढवलं ती माणसं समोर बसून जेवतायत, हे आतल्या आत काम करत राहिलं. पुरावे, आकडे, वादविवाद हे सगळं नंतर झालं, एका मैत्रिणीबरोबर, खासगीत, आणि तेव्हा ते ऐकून घेतलं गेलं. २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून ती विचारसरणी सोडली. बाकीच्यांनी तोंड फिरवलं तेही अगदीच वाया गेलं असं म्हणता येणार नाही, आपल्या मतांनी माणसं दुखावतात हे त्यातूनच कळलं. पण परत यायला दार एक तरी उघडं लागतं.

तेव्हा त्याच्या मुद्द्यांना हो म्हणू नका, "हे मला पटत नाही" असं स्पष्ट सांगा, आणि त्याच दमात उद्या भेटायचंय का तेही विचारा. तो नेमका कशाने दुखावलाय ते ऐका, ती तक्रार अनेकदा खरी असते, तिच्यावर चिकटवलेलं उत्तर खोटं असतं. ज्याच्यावर हिंसा होतेय किंवा ज्याला धमक्या येतायत अशा माणसाने हे काम अंगावर घेऊ नये, तिथे स्वतःची सुरक्षा आधी.

पोलिसांना सांगावं का? आपल्याच माणसाला कसं देणार?

नुसत्या मतांसाठी पोलिसांकडे धावू नका. आधी त्याचा विश्वास असलेला कुणी मोठा माणूस, शिक्षक, समुपदेशक, त्यातून बाहेर आलेलं कुणी. पण हत्यार, ठिकाण, तारीख किंवा ठराविक माणसाचं नाव यांपैकी काही समोर आलं तर मग थांबायचं नाही.

अमेरिकेत युनाबॉम्बर नावाने ओळखला गेलेला माणूस १९७८ पासून १७ वर्षं पार्सलमधून बॉम्ब पाठवत होता, ३ मेले, २३ जखमी. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याचा ३५ हजार शब्दांचा लेख वर्तमानपत्रात छापला गेला. डेव्हिड कझिन्स्की यांच्या बायकोला, लिंडा यांना आधीपासून वाटत होतं की हा तुझा भाऊ तर नसेल. डेव्हिडना ते पटेना. पण लेख वाचताना एक शब्दप्रयोग भावाच्या पत्रांतला निघाला, मग जुनी पत्रं काढून बसले, एकेक ओळ ताडून बघितली. एकीकडे भाऊ, ज्याला मृत्युदंड होऊ शकतो, आणि दुसरीकडे कुणाच्यातरी दारात पडणारं पुढचं पार्सल. त्यांनी कळवलं. ३ एप्रिल १९९६ ला भाऊ पकडला गेला. डेव्हिड नंतर मृत्युदंडाच्या विरोधात उभे राहिले, भावाला जन्मठेप झाली, आणि मिळालेल्या १० लाख डॉलरच्या बक्षिसातली बरीचशी रक्कम त्यांनी बळींच्या कुटुंबांसाठी दिली. भावावर प्रेम केलं म्हणून त्यांनी गप्प बसणं निवडलं नाही, आणि कळवलं म्हणून प्रेम सोडलं नाही. असल्या निर्णयाची वेळ कुणावर येऊ नये, पण आली तर हे आठवा.

एकदा आत गेलेला बाहेर येतो का?

येतो, आणि वाटतं त्यापेक्षा बरेच जण येतात. बहुतेकांचं तत्त्वज्ञान आधी बदलत नाही, कंटाळा येतो, नेते खोटारडे निघतात, मूल होतं, आतली भांडणं नकोशी होतात. हॉर्गन म्हणूनच हिंसा सोडणं आणि विचार सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात, पहिलं आधी होतं आणि दुसरं कधीकधी होतच नाही, तरी पहिल्याचीही किंमत मोठी आहे.

अडचण असते की बाहेर कुणी उभं करत नाही. मित्र, खोली, काम, सगळं आतलंच होतं. म्हणून स्वीडनमध्ये १९९८ ला आणि जर्मनीत २००० साली एक्झिट नावाचे कार्यक्रम सुरू झाले, त्यात पूर्वी निओ-नाझी असलेले लोकही मदत करतात, घर बदलायला, टॅटू काढायला, नोकरी शोधायला. २०११ मध्ये जर्मनीच्या एक्झिटने निओ-नाझी संगीत महोत्सवात फुकट टी-शर्ट वाटले, वर कवटी आणि झेंडे, पोरांनी आनंदाने नेले. घरी धुतल्यावर वरची शाई गेली आणि खालचा मजकूर वर आला: तुझ्या टी-शर्टला जमतं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. डेन्मार्कच्या आरहूस शहरात पोलिस आणि पालिका मिळून सीरियाहून परतलेल्यांना, गुन्ह्याचा पुरावा नसेल तर, शिक्षण, काम आणि सोबतीला एक मार्गदर्शक दिला. इटलीने ८० च्या दशकात हिंसेची साथ जाहीरपणे सोडणाऱ्यांची शिक्षा कमी करणारे कायदे केले आणि भूमिगत गट आतून पोकळ झाले. श्रीलंकेत २००९ नंतर एलटीटीईच्या ११ हजारांवर लोकांना पुनर्वसनातून नेलं. तिथे मानवी हक्क संघटनांनी गंभीर आक्षेपही घेतले, ते विसरून चालणार नाही, पण ज्यांना काम शिकायला आणि परत मान मिळवायला संधी मिळाली त्यांच्यात हिंसेचा ओढा जास्त कमी झाला असं क्रुग्लान्स्कींच्या गटाला दिसलं.

हल्ल्याचा व्हिडिओ किंवा हल्लेखोराचं पत्रक आलं तर काय करू? लोकांना कळायला नको का?

पुढे पाठवू नका, "किती वाईट आहे बघा" असं लिहूनसुद्धा नाही. क्राइस्टचर्चचा हल्ला फेसबुकवर लाइव्ह दाखवला गेला, कारण तो बघितला जावा हाच हेतू होता, आणि पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या सुमारे १५ लाख कॉपी काढाव्या लागल्या. त्या हल्लेखोराने स्वतः २०११ च्या नॉर्वेतल्या ७७ जणांच्या हत्याकांडातून प्रेरणा घेतली होती आणि त्याच्या पत्रकातून पुढे आणखी काहींनी घेतली, अशी ही साखळी पुढे जाते. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की मी त्याचं नाव कधीच घेणार नाही, आणि ज्यांचे जीव गेले त्यांची नावं घ्या असं लोकांना सांगितलं. तुमच्याकडे काही आलं तर प्लॅटफॉर्मला रिपोर्ट करा, फोनमधून काढून टाका, पाठवणाऱ्याला एकट्याला मेसेज करून का काढलं ते सांगा. व्हिडिओत पुढच्या हल्ल्याची धमकी किंवा जागा असेल तर काढण्याआधी पोलिसांना कळवा.